आईच्या बाथरूमचं आर्थिंग

१

मोतीबिंदू शेवंताबाईंचा काढला आणि दिसायला लागलं संपतला.

आई इतकी वर्षं गोठ्यातल्या चुलीवर पाणी तापवते, पत्र्याच्या आडोशाला दगडावर उकिडवी बसून आंघोळ करते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पण ऑपरेशननंतर शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं, की आजींच्या डोळ्याला धूर लागता कामा नये आणि त्यांना वाकू देऊ नका, तेव्हा ते त्याला पहिल्यांदा बोचलं. संपत रांजणगावच्या एका कंपनीत मेंटेनन्स खात्यात होता. बायको सुलक्षणा आणि मुलगी शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीत, आई निमोण्याच्या मळ्यात एकटी. त्याने रजा टाकली, मळ्यात मुक्काम ठोकला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून आईसाठी बाथरूम बांधायला काढलं.

विटा गवंड्याने लावल्या. बाकी सगळं स्वतः.

"वायरमन कशाला? रोज कंपनीत हेच करतो की मी," असं तो फोनवर सुलक्षणाला म्हणाला. खरं तर कंपनीत तो बेअरिंग बदलायचा आणि पट्टे ताणायचा. विजेच्या पॅनेलची किल्ली दुसऱ्याकडे असे. पण खिशात टेस्टर असलेला माणूस आमच्याकडे स्वतःला अर्धा इंजिनिअर समजतो, आणि संपतच्या खिशात दोन टेस्टर होते.

गिझर भिंतीवर चढला. गोठ्याकडचा जुना लोखंडी पाइप फिरवून आणला, त्याला पितळी नळ बसला. गोठ्यातलाच एक पिवळा बल्ब आत लागला. अडचण आली ती शेवटी. गिझर चालू केला की बल्ब लालसर व्हायचा आणि पाणी काही तापायचं नाही. मळ्यातल्या घरांचं हे जुनंच दुखणं. विजेला यायला एक तार लागते आणि परत जायला एक. ती परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, मळ्यापर्यंत येता येता मेल्यात जमा झालेली असते. त्यावर आमच्याकडे ज्याला त्याला ठाऊक असलेला उपाय एकच, तो म्हणजे परतीचं काम जमिनीवर सोपवायचं. संपतने तेच केलं. बाथरूमच्या मागे खड्डा खणला, मीठ-कोळसा घातला, लोखंडी सळई ठोकली आणि परतीची काळी वायर तिला बांधली. गिझरची हिरवी वायर, जी माणसाला शॉक बसू नये म्हणूनच असते, तीही त्याने त्याच सळईला गुंडाळली. सळईवर तांब्याभर पाणी ओतलं मात्र, बल्ब लख्ख!

कंपनीत कोणी असला उद्योग केला असता तर संपतनेच आरडाओरडा करून त्याला गेटाबाहेर काढलं असतं. पण घरी येताना माणूस कंपनीतलं डोकं हेल्मेटबरोबर खुंटीला टांगून येतो.

विजेचा मंजूर लोड वाढवून घ्यायला वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तोही शिरूरच्या एका दुकानात चहा पिता पिता मिळाला. सही करणाऱ्याने विचारलं, "सगळं बराबर हाय ना?" संपत म्हणाला, "येकदम." झाली तपासणी.

तेव्हापासून शेवंताबाईंच्या सकाळच्या कामांत एकाची भर पडली. तुळशीला पाणी घातलं की मागे जाऊन आर्थिंगला एक तांब्या.

"ह्यो तुझा नवा देव लई तहानलेला हाय रं," असं त्या म्हणायच्या.

२

दिवसाचा क्रम छान बसला. शेवंताबाई, कितीही नको म्हटलं तरी, उठून गोठ्यात शिरत, शेणघाण काढत. संपत धार काढून गावातल्या डेअरीला दूध घालून येई, गाडी अंगणात लावी आणि स्वयंपाकघरात जाऊन दोघांचा चहा टाकी. ताज्या ऑपरेशनचा डोळा घेऊन आईने शेगडीपाशी उभं राहायचं नाही, हा त्याने घातलेला दंडक होता. चहा उकळेपर्यंत भिंतीपलीकडून आंघोळीचा आवाज येई. प्लास्टिकचा मग बादलीत बुडे, पाणी पडे, तो पुन्हा बुडे. भिंतीत वर, छताजवळ, हवेसाठी काचेच्या पट्ट्यांची एक लहानशी खिडकी ठेवली होती. तिच्यातून बल्बचा उजेड स्वयंपाकघराच्या छतावर पडे.

संपतला तो आवाज फार आवडायचा. चहापत्ती डब्यात परत ठेवायची विसरून तो ऐकत उभा राही. आपण केलेल्या बाथरूममध्ये आई सुखाने आंघोळ करते आहे, एवढ्याने त्याला भरून यायचं. कंपनीत वर्षभर राबून जे कधी वाटलं नव्हतं ते त्याला त्या भिंतीपाशी वाटायचं.

थोड्या वेळाने शेवंताबाई दुसरं लुगडं नेसून, काळा चष्मा लावून मागच्या दाराने यायच्या आणि चहाला बसायच्या.

"कसं काय वाटतंय बाथरूम?"

"झ्याक हाय. पर लई येळ लागतो त्यात," त्या जरा फणकाऱ्याने म्हणायच्या.

लागणारच, असं संपतला वाटायचं. आयुष्यभर घाईघाईत चार तांब्ये ओतून घेतलेल्या बाईला आता कुठे निवांतपणा मिळाला होता.

पहिल्यांदा खटकलं ते उजेडाचं. एका सकाळी छतावरचा उजेड मंद होता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. भिंतीपलीकडे मग बुडाला आणि उजेड हळूच वाढला. थोडा वेळ तसाच राहिला, नंतर उतरला. पुन्हा मग बुडाला, पुन्हा उजेड चढला. संपतने दुधाखालची शेगडी बारीक केली आणि डोकं चालवलं. आंघोळीचं पाणी बाहेर जातं, सळईजवळची माती ओली होते, बल्ब उजळतो. साधा हिशेब. त्याला तो इतका पटला की त्याने सुलक्षणाला फोन करून सांगितला आणि तिने हूं म्हणून फोन ठेवला.

त्याच दिवशी तो मागच्या बाजूला गेला. बाथरूमचं पाणी एका चारीतून केळीच्या रोपांना लावलं होतं. चारीला भेगा पडल्या होत्या. तिच्या तळातून मुंग्यांची एक रांग निघाली होती, सावकाश, कुठेही न तुटलेली. आताच तर आंघोळ झाली होती. संपत तिथे बसला आणि त्याने बोट घालून पाहिलं. माती कोरडी होती, बोटाला साधी चिकटली नाही.

वैशाखातली जमीन, पाणी पडायच्या आधी पिऊन टाकते, त्याने स्वतःला सांगितलं. आणि मुंग्या? मुंग्यांना काय, वाट मोडली तरी लगेच परत लावतात. कारणं शोधायला बसलं की संपतला ती कधी कमी पडत नसत.

३

तरी मनातून जाईना. त्याने टेस्टर काढला आणि, त्यावरून नजर न हलवता, नळाला लावून पाहिला. नाही पेटला. गिझरच्या अंगाला लावला, तिथेही नाही. आईने नुकताच तांब्या ओतलेला होता, सळई तृप्त होती, तेव्हा पेटणार कसा? पण हे त्याच्या लक्षात आलं नाही. टेस्टर खिशात घालून तो शीळ घालत विहिरीवर गेला आणि मोटारीच्या पाइपाखाली रोजच्यासारखी मनसोक्त आंघोळ करून आला. त्याची स्वतःची आंघोळ तिथेच व्हायची. पुरुषमाणसाला विहीर असताना चार भिंतींत कोंडून घ्यायची काय गरज, असं त्याचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला तरी मगचा आवाज चालूच होता. संपतने भिंतीवर थाप मारली.

"आई, चहा गार होतोय!"

आवाज थांबला. कोणी हाक ऐकून हात थांबवतं तसा नाही. प्लास्टिकचा मग पाण्यात जात असतानाच, अर्ध्यात थांबला. संपत ओ ऐकू यायची वाट पाहत राहिला. ओ आली नाही. बऱ्याच वेळाने तो मग उरलेलं अंतर बुडाला आणि पाणी पडलं.

शेवंताबाई आल्या तेव्हा त्याने विचारलं, "हाक मारली तर ओ द्यायला काय झालं तुला?"

"कवा मारलीस? गाय हंबरतीय तिकडं, काय ऐकू येतंय!" त्यांनी बशीतला चहा फुंकला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं, जणू खोडी त्यानेच काढली होती.

त्यानंतर तो जास्त लक्ष देऊन ऐकायला लागला, आणि ऐकायला लागल्यावर जे आधीच कळायला हवं होतं ते कळलं. आई कधी गप्प बसून आंघोळ करतच नव्हती. पहिला तांब्या अंगावर पडला की 'हर हर गंगे', मग कोणत्या तरी भावकीतल्या बाईचा उद्धार, मग गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडणं. लहानपणापासून तो हे पत्र्याच्या आडोशामागून ऐकत आला होता. या भिंतीपलीकडे मात्र नुसतं पाणी होतं. खोकला नाही, बांगडी वाजत नाही, पाट सरकत नाही. आणि दोन मगांमधलं अंतर रोज थोडं वाढत होतं. हात जड होत चालल्यासारखं.

बंद खोलीत लाजत असेल, त्याने ठरवलं. नवी जागा आहे. पण हे ठरवताना त्याला आपल्याच मानेवर काटा उभा राहिलेला कळला, आणि त्याचा त्याला राग आला.

हे सगळं त्याने सुलक्षणाला फोनवर सांगायचा प्रयत्न केला.

"आहो," ती म्हणाली, "तुम्ही आत्याबाईंची आंघोळ ऐकत उभं राहता व्हय?"

संपतचे कान तापले. त्याने विषय बदलून फोन ठेवला. त्या दिवसापासून चहा टाकला की तो मोबाइलवर बातम्या लावून ठेवायला लागला, जरा मोठ्यानेच.

४

मग मळ्यातली टाकी तळाला गेली. विहिरीचंही पाणी खाली होतं. संपतनेच आईला सांगितलं, "आर्थिंगला राहू दे दोन दिस. गाईला पुरलं पायजे आधी."

त्या सकाळी तो डेअरीतून आला, चहा टाकला. मोबाइलला रेंज नव्हती. बातम्या लागल्या नाहीत, म्हणून आवाज ऐकावाच लागला.

छतावरचा उजेड इतका मंद होता की आहे की नाही कळत नव्हतं. भिंतीपलीकडे मग बुडाला. बराच वेळ गेला. पाणी पडलं. पुन्हा मग बुडाला आणि या खेपेला पाणी पडलंच नाही. तो मग फरशीवर पडला, गोल घरंगळत गेला आणि भिंतीला लागून थांबला. त्याच्या मागोमाग एक बारीक गुणगुण सुरू झाली. विजेच्या डीपीखाली, ट्रान्सफॉर्मरपाशी, उभं राहिलं की कानात भरते तीच. छतावरचा उजेड चढला. रोजच्यापेक्षा वर चढला, पांढरा झाला आणि उतरेचना.

"आई!"

त्याने दोन्ही हातांनी भिंत बडवली. भिंतीपलीकडे गुणगुण तेवढी होती.

कंपनीत दरवर्षी शिकवतात, शॉक लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बटण पाडायचं. संपतला हे पाठ होतं. पण पाय मेनकडे न जाता तो ओट्यावर चढला. आई पडली आहे का, एवढंच त्याला पाहायचं होतं. आणि खिडकीशी तोंड गेल्यावर त्या घाईतही त्याला भान आलं, की आत आई आंघोळ करते आहे. म्हणून त्याने नजर खाली जाऊ दिली नाही. समोरच्या भिंतीवर, नळावरच ठेवली.

नळावर हात होता.

कोपरापासून पुढचा तेवढा दिसत होता. मनगटावर हिरवं गोंदण, तुळशीवृंदावन आणि त्याखाली वडिलांच्या नावाची पुसट अक्षरं. ऑपरेशनच्या दिवशी तोच हात त्याने दवाखान्यात धरून ठेवला होता. बोटं नळाभोवती आवळलेली होती. हात थरथरत नव्हता, जराही हलत नव्हता. बोटांची टोकं सुरकुतून पांढरीफटक पडली होती. क्षणभर ओल्या झालेल्या हाताची ती नव्हती. तो हात तिथे कित्येक दिवसांपासून असावा.

ओट्यावरून उडी मारून संपत पडवीत कसा पोचला ते त्याला नंतरही आठवलं नाही. त्याने मेन खाली ओढलं. गुणगुण तुटली. घर एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत त्याच्या मागून, उघड्यावरून, हाक आली.

"संपत! आरं गाय सुटली! बघतोस काय, धर की तिला!"

गोठ्याच्या कोपऱ्यावर शेवंताबाई उभ्या होत्या. काळा चष्मा, खोचलेलं लुगडं, हातात दाव्याचं तुटकं टोक. गाय केव्हाच मेथीच्या वाफ्यात जाऊन बसली होती. संपत धावत सुटला, पण गाईकडे नाही. त्याने आईचं मनगट धरलं आणि गोंदण पाहिलं. हात कोरडा होता, गरम होता, शेणाने माखलेला होता.

"सोड, मेल्या! मेथी गेली समदी!"

त्याने सोडला नाही. तिथेच, उन्हात, तो लहान पोरासारखा रडला, आणि शेवंताबाई एकदा त्याच्याकडे आणि एकदा मेथीकडे पाहत राहिल्या.

गाय बांधून झाल्यावर तो बाथरूमशी गेला. काठीने दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं. आत फरशीवर गवंडीकामाची धूळ अजून तशीच होती, तिच्यावर त्याचीच, टेस्टर लावायला आलेल्या दिवशीची पावलं. बादली पालथी. प्लास्टिकचा मग खिळ्याला टांगलेला. पहिल्या दिवशी कौतुकाने ठेवलेला साबण वेष्टनात होता. तिथे आज कोणी आंघोळ केली नव्हती. कालही नाही. कधीच नाही.

५

हर्षदा पाबळची. विजेच्या कामाचा सरकारी परवाना असलेली, संपतच्या कंपनीत दरवर्षी आर्थिंग तपासायला येणारी, आणि तपासताना साहेबांसकट सगळ्यांना फैलावर घेणारी. संपतने तिलाच फोन केला. "मेन पाडून ठेवलंय, मॅडम. तुम्ही येईस्तवर वर करत न्हाई," एवढंच तो बोलला. ती दुपारी स्कूटीवर आली. टेस्ट रिपोर्ट पाहून ती आधी मनापासून हसली.

"ह्या कागदावर तर तुमचं बाथरूम आमच्या सबस्टेशनपेक्षा भारी हाय, संपतभाऊ. कोण आलं व्हतं बघायला?"

"कुणी न्हाई."

"मंग सही कुणाची घेतली, चहावाल्याची?"

मागे जाऊन सळई पाहिल्यावर मात्र तिचं हसू गेलं. काळी आणि हिरवी वायर तिने बोटाने उचलून धरली. मग सगळ्यांना लांब उभं करून, हातमोजे घालून, तिने फरशीवर पाणी शिंपडलं, मीटरची एक तार नळाला आणि दुसरी ओल्या फरशीला लावली आणि संपतला क्षणभर मेन वर करायला सांगितलं. काटा उडाला तो जवळजवळ टोकाला जाऊन टेकला.

"पाडा!" ती ओरडली. संपतने पाडलं.

"सळई सुकली की परतीची वीज जमिनीत जात न्हाई," ती म्हणाली. "मंग ती गिझरच्या अंगात येती, पायपात येती, नळात येती. हिरवी वायर बी तिथंच बांधून तुम्ही तिला दार उघडून दिलंय. ओल्या पायानं नळ धरला तर मूठ मिटती. उघडत न्हाई. हितं आंघोळ कोण करतं?"

"आई," संपत म्हणाला. "रोज."

"शक्यच न्हाई."

दोघांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्या पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या.

"म्या येक दिस न्हाई केली तिथं आंघोळ," त्या म्हणाल्या. "आपली जुनीच जागा बरी. गाईच्या पेंडीला पाणी तापवते त्यातलंच दोन तांबे घ्येते."

"चुलीवर?" संपत किंचाळला. "धुरात? डोळ्याचं ऑपरेशन करून?"

"आरडू नगं. चष्मा लावून करते."

हर्षदाने कपाळावर हात मारला, मग तिला हसू आवरेना, आणि तिच्यामागोमाग संपतलाही. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि पोट धरधरून हसला. म्हातारीचा हट्ट! तिने नुसतं शहाण्यासारखं त्याचं ऐकलं असतं तर आज या अंगणात काय असतं, हे डोळ्यांपुढे आलं की त्याचा श्वास अडकायचा आणि मग पुन्हा हसू फुटायचं. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

हर्षदा हत्यारं काढत असताना त्याने हळूच विचारलं, "मॅडम, त्यो बल्ब मधीच लख्ख का व्हायचा?"

"आत कुणी नळ धरून ओल्यात उभं राहिलं तर व्हईल. त्याच्या अंगातनं विजेला परतीची वाट मिळती ना."

"आन् आत कुणी नसलं तर?"

"नसलं तर कशाला व्हईल?" ती स्क्रू आवळता आवळता म्हणाली, आणि तिने पक्कड मागितली.

६

काम नीट व्हायला वेळ लागला. वीज मंडळाच्या माणसाने खांबावरून नवी न्यूट्रल ओढून दिली. हर्षदाने सळई परतीच्या कामातून मोकळी केली, हिरव्या वायरीसाठी वेगळा खड्डा घेतला, गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर काढलं आणि मेनजवळ एक लहान पेटी बसवली. जरा जरी वीज वाट चुकून माणसाकडे वळली, तरी ही पेटी डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं बंद करते, असं ती म्हणाली. पेटीला तपासायचं एक बटण होतं. संपतने ते दाबलं. टक! घर बंद. वर केलं, पुन्हा दाबलं. टक!

"बास की आता! खेळणं हाय का त्ये?" हर्षदा म्हणाली. पण त्याला तो आवाज इतका आवडला होता की ती अंगणात गेल्यावर त्याने आणखी एकदा दाबलाच.

सगळी मापं घेऊन झाल्यावर तिने नवा रिपोर्ट दिला. सही करायच्या आधी तिने स्वतः हातमोजे काढून, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून नळ सोडला आणि त्याच पाण्याने तोंड धुतलं. संपत दाराशी उभा होता. तिने नळावरून हात उचलला तेव्हा त्याला मोठ्याने श्वास सोडावासा वाटला आणि त्याने तो सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीतून येऊन त्याने चहा टाकला. भिंतीपलीकडे मग बुडाला. संपतचा हात साखरेच्या डब्यावर थांबला. आणि मग पाण्याच्या आवाजावर चढलेला आईचा आवाज आला. पाणी किती गरम ठेवलंय, पाल कुणी आत घेतली, गवंड्याने उतार उलटा दिलाय, त्याच्या बापाने कधी बाथरूम पाहिलं होतं का! तो ऐकत राहिला. सुलक्षणा काय म्हणेल ते म्हणो. छतावरचा उजेड एकसारखा होता, जागचा हलत नव्हता. चहा उतू गेला तरी तो हसतच होता.

शेवंताबाई आल्या. अंगाला साबणाचा वास येत होता. त्यांनी चष्मा पुसून परत लावला, बशीत चहा ओतला आणि समाधानाने मान हलवली.

"आज मोकळं घावलं येकदाचं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बाथरूम. दुसरं काय?" त्यांनी दाराकडे पाहून घेतलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. "त्या पोरीम्होरं बोलले न्हाई, म्हणलं तुझा कशाला पाणउतारा. पर येवढं आईसाठी बांधलंस, आन् आईला येक दिस नंबर लागंना. गोठ्यातनं यावं तर गाडी आंगणात, आन् तू आत. रोज आतनं कडी. किती येळ ताटकळायचं माणसानं? मंग जायचे आपली पत्र्याकडं."

संपतने पेला खाली ठेवला. सकाळी त्या वेळी तो रोज इथेच, याच ओट्यापाशी चहा उकळत उभा असायचा. आई त्या दाराबाहेर ताटकळत, तो इथे, आणि मधे ते बाथरूम.

"हाक मारायचीस की," तो म्हणाला.

"मारली की. मागं टाकीतलं पाणी सरलं बघ, त्या दिशी. म्हणलं, किती वापरतोस पाणी, ये भाईर आता. तर आतनं म्हणलास," त्या चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "'तू जा, आई. हितं येऊ नगं.'"

शेगडीवर उतू गेलेला चहा करपत होता. संपतने हात लांबवून बटण बंद केलं. बोलण्यासारखं बरंच होतं आणि त्यातलं काही म्हणजे काही तो बोलणार नव्हता, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. समोर आई बसली होती. घोट घेत होती, मिशा फुटाव्यात तसा चहाचा फेस ओठावर घेऊन बसली होती. एवढं पुरे होतं. एवढ्यासाठी कोणाचे तरी पाय धरायला हवे होते, पण कोणाचे ते त्याला ठाऊक नव्हतं.

"व्हय, आई," तो म्हणाला. "मीच असायचो. चुकलं माझं."

त्याने बशीवरचा तिचा हात आपल्या हातात घेतला आणि धरून बसला.

"सोड रं," शेवंताबाई म्हणाल्या, "चहा गार व्हतोय."

त्याने सोडला.